विनोदाची आगाऊ प्रत

स्नेहसंमेलन संपून दहा दिवस झाले आणि सूचनाफलकावर एक कागद लागला. यापुढे विनोदी कार्यक्रम करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांनी आपली संपूर्ण संहिता आठ दिवस आधी, दोन प्रतींत, कार्यालयात द्यावी. संहितेबाहेरचा एक शब्दही रंगमंचावर बोलू नये. सूचना मराठीत होती, कन्नडमध्येही होती. ज्या कार्यक्रमामुळे ती निघाली त्यातला अर्धा अपराधी मी आहे. उरलेला अर्धा माझा वर्गमित्र. तो गोकाककडचा, कन्नड माध्यमातून आलेला, आणि अकाउंटन्सीत माझ्यापेक्षा पुष्कळ हुशार. सूचना वाचून तो म्हणाला, "निदान फलकावर तरी दोन भाषा शेजारी शेजारी बसल्या की!"

या सूचनेविरुद्ध मला थोडे बोलायचे आहे. प्राध्यापक मंडळींनी रागावू नये. त्यांची बाजू मला समजत नाही असे नाही. ती समजायला मला वर्षभर लागले, म्हणून तेच आधी सांगतो.

गेली दोन वर्षे मी स्टँड-अप करतो. म्हणजे एकट्याने माइक धरून उभे राहायचे आणि पाच मिनिटे लोकांना हसवायचे. आजीला हे समजावून सांगितले तेव्हा तिने विचारले, "बसून हसवता येत नाही होय रे?" मग तीच म्हणाली, की कीर्तनकारही उभाच असतो, पण त्याच्यामागे टाळ-मृदंग तरी असतात. आजीचे म्हणणे अगदी बरोबर आहे. कीर्तनकाराचा विनोद पडला तर त्याला अभंग उचलता येतो. आम्हाला पाण्याचा घोट घेण्याखेरीज दुसरा उपाय नसतो, आणि एका पेल्यात घोट तरी किती असणार!

टिळकवाडीतल्या एका कॅफेत महिन्यातून एकदा असा ओपन माइक होतो. नाव नोंदवायचे, पाळी आली की उभे राहायचे. चार मिनिटे झाली की मागून कोणीतरी मोबाइलचा दिवा दाखवतो, पाचव्याला उतरायचे. पहिल्या खेपेला मी बुककीपिंगवर बोललो. त्यात उचंत खात्यावर एक विनोद होता. उचंत खात्यात काय टाकतात हे तिथे मला एकट्यालाच ठाऊक असल्यामुळे हसलोही मी एकटाच. पुढचे तीन महिनेही असेच कोरडे गेले. मोबाइलवर पाहिलेले इंग्रजी विनोद मराठीत आणून पाहिले, तेही वाटेतच मरत. ते का मरतात याचा शोध मात्र मला त्या कोरड्या महिन्यांत लागला.

हशा यायचा तर गाठ शेवटच्या शब्दावर सुटली पाहिजे. इंग्रजी वाक्याच्या शेवटी पुष्कळदा एखादे नाम असते, त्या नामातच सारा स्फोट भरलेला असतो. मराठीत तेच नाम आधी येऊन जाते आणि मागे क्रियापद रेंगाळत राहते. लोक हसायला लागतात तेव्हा आपले 'होते' किंवा 'म्हणाला' अजून बोलायचे बाकी असते. पण याच क्रियापदाचा फायदा घेतला तर मराठीसारखी भाषा नाही. आपला 'नाही' सगळ्यांच्या मागून येतो. "सरांनी शिकवलेलं मला सगळं समजलं" इथे श्वास घ्यायचा, पुढच्या बाकावरच्या सरांचा चेहरा फुलू द्यायचा, आणि मग "नाही" म्हणायचे. कन्नडचीही तीच तऱ्हा. तिथे 'इल्ल' शेवटी बसलेला असतो. त्यामुळे मराठीतला विनोद कन्नडमध्ये न्यायला फारशी मोडतोड करावी लागत नाही. बेळगावकरांची एक वेगळीच अडचण आहे. आपण 'नाही'च्याही मागे 'की' लावतो. "समजलं नाही की!" त्या 'की'ने धार बोथट होते. हा 'की' गिळण्याचा मी आरशासमोर जितका सराव केला तितका कॉस्टिंगचा केला असता तर बरे झाले असते.

2025 च्या जानेवारीत माझा जम बसला. मी कंडक्टर केला. "मुंदक होग्री, मुंदक होग्री" अशी आरोळी ठोकायची, आणि मग मराठीत, "बस आलं, बस गेलं, तुमी का ऱ्हायलं?" कॅफेतली पोरे बहुतेक मराठी. त्यांनी टेबले बडवली, शिट्ट्या मारल्या, "पुन्हा कर" म्हणून ओरडा केला. त्या रात्री मी घरी गेलो तो तरंगतच.

पुढच्याच महिन्यात बेळगावजवळ एका बसमध्ये तिकीट आणि भाषा यांवरून वाद होऊन कंडक्टरला मारहाण झाली. दोन राज्यांमधल्या बसगाड्या थांबल्या. मार्चच्या 22 तारखेला कर्नाटक बंद झाला. त्यात कोणाचे किती चुकले हा या लेखाचा विषय नाही. माझ्यापुरते एवढेच, की त्यानंतरच्या ओपन माइकला "कंडक्टर कर" अशी फर्माईश झाली आणि माझ्या तोंडून शब्द फुटेना. भीती होतीच, ती नाकारत नाही. पण दुसरेही काही होते. मी रोज ज्या बसने येतो तिच्या कंडक्टरला मराठी येते. बस त्याच्याही तोंडी 'आलं'च असते. पण अकरावीत असताना एकदा मी डबा सांभाळत मागून धावत होतो, तेव्हा शिट्टी न वाजवता त्याने गाडी थांबवून ठेवली होती आणि आत चढल्यावर माझ्याकडे बघितलेही नव्हते. हे माझ्या पाच मिनिटांत कुठेच नव्हते. माझ्या कंडक्टरजवळ उच्चाराखेरीज काही नव्हते. त्याला ना घर होते, ना पगार, ना दिवसभर उभे राहून दुखणारी पाठ. वाणिज्य शाखेच्या भाषेत सांगायचे तर मी खोटे व्हाउचर जोडून हशा वसूल केला होता.

इथे कोणीतरी रावसाहेबांचे नाव काढील, आणि काढावेच. पु. ल. देशपांडे काही काळ आपल्या गावात, राणी पार्वतीदेवी महाविद्यालयात, प्राध्यापक होते. त्यांच्या 'गणगोत'मधले रावसाहेब बेळगावचेच. त्यांच्या कन्नड वळणाच्या मराठीला आपण सारे खदखदून हसतो. मग माझ्या कंडक्टरने काय पाप केले? मी ते व्यक्तिचित्र पुन्हा काढून वाचले. रावसाहेब त्या बोलीत भांडतात, त्याच बोलीत माया करतात, गाण्याबजावण्यावर आणि नाटकावर जीव टाकतात. बोली हा त्यांच्या अंगातला सदरा आहे. मीही सदरा तसाच शिवला होता, पण त्याच्या आत माणूस नव्हता. तो नुसता खुंटीला टांगलेला होता.

माझा गोकाककडचा मित्र जानेवारीत त्या कॅफेत मागच्या खुर्चीवर बसला होता, हे मला मार्चमध्ये कळले. दोन महिने तो त्यावर काही बोलला नव्हता. एकदा ग्रंथालयाच्या पायरीवर त्याने विचारले, "आमच्यातला माणूस बस आलं का म्हणतो, ते तुला ठाऊक आहे काय?" मला ठाऊक नव्हते. त्याने समजावून सांगितले. कन्नडमध्ये निर्जीव वस्तू नपुंसकलिंगीच. बस, गाडी, दार, खुर्ची, सगळ्यांना 'बंतु'. मराठीत खुर्चीसुद्धा बाई आहे, टेबल मात्र नाही, दरवाजा पुरुष आहे आणि दार नाही. हे परक्याला कळायचे कसे? "आणि तू कन्नड बोलतोस तेव्हा काय होतं सांगू? तू म्हणतोस, बस्सु बंदळु. म्हणजे बस तुझी थोरली बहीण असल्यासारखी." मी चटकन म्हटले, मी असे कधी बोलत नाही. तो म्हणाला, "आजच सकाळी बोललास."

त्या दिवसापासून आम्ही दोघांनी मिळून काम सुरू केले. एकट्याचा स्टँड-अप सोडून आम्ही इम्प्रोव्ह करू लागलो. मी त्याला आयत्या वेळचे नाटक म्हणतो. प्रेक्षकांकडून एखादी जागा किंवा धंदा मागून घ्यायचा आणि त्यावर तिथल्या तिथे प्रवेश रचायचा. नियम एकच महत्त्वाचा: जोडीदाराने जे दिले ते नाकारायचे नाही, ते घेऊन त्यात आपली भर घालायची. तो म्हणाला "पाऊस पडतोय", तर "कुठे पडतोय?" असे विचारायचे नाही, छत्री उघडायची. बोलायला सोपे आहे. पहिल्या महिन्यात मी त्याचे म्हणणे प्रत्येक वाक्याला खोडून काढत असे. वक्तृत्व स्पर्धांनी मला ती खोड लावली आहे.

हे काही साहेबाकडून आलेले नवे खूळ आहे असे समजू नये. कर्नाटकातल्या भागवत मंडळींचे खेळ सांगलीत झाले, ते पाहून चिंतामणराव पटवर्धनांनी विष्णुदास भाव्यांना मराठीत तसे काही उभारायला सांगितले, आणि 1843 साली 'सीतास्वयंवर' झाले, हे मराठीच्या विद्यार्थ्यांना पाठ असते. त्यांना बहुधा न सांगितलेली गोष्ट अशी, की त्या नाटकांत सूत्रधाराची पदे तेवढी रचलेली असत. पात्रांची भाषणे ज्याची त्याने, त्या वेळी सुचतील तशी करायची. म्हणजे मराठी रंगभूमीचा जन्म कन्नड खेळ पाहून झाला आणि तिचे पहिले बोल कागदावर नव्हते. तमाशातली बतावणी अशीच चाले. वसंत सबनीसांच्या 'विच्छा माझी पुरी करा'ला लिखित वग होता, तरी दादा कोंडके त्यात दर प्रयोगाला त्या-त्या दिवसाचे काही घालत. कन्नडमध्ये मास्टर हिरण्णय्यांचा 'लंचावतार' घ्या; लाच खाणाऱ्यांवरचे ते नाटक ते वर्षानुवर्षे करत राहिले आणि आजच्या वर्तमानपत्रातले उद्या रंगमंचावर आणत राहिले. 2019 मध्ये ते गेले. माझ्या मित्राच्या घरी तर याहून जवळचा दाखला आहे. त्याच्या आजोबांनी गावच्या 'श्रीकृष्ण पारिजात'मध्ये काम केले होते. रुसलेली सत्यभामा, तिची समजूत घालणारा कृष्ण, मध्ये धावपळ करणारी दूती आणि तिला प्रश्न विचारून भंडावणारा भागवत. पदे ठरलेली, पण दूती आणि भागवत यांची झकाझकी त्या रात्रीची. पहाटेपर्यंत चाले म्हणतात.

आता स्नेहसंमेलनाची गोष्ट. शेलापागोटी संपली होती, सभागृह गरम होते. मराठी मुले डावीकडे, कन्नड मुले उजवीकडे. कोणी बसवत नाही, आपोआप बसतात. आम्ही जागा मागितली. मागून कोणीतरी ओरडले, "बस!" आणि सभागृह एकदम शांत झाले. ती शांतता ज्यांनी ऐकली त्यांना ती आठवत असेल. पहिल्या रांगेतल्या एका सरांनी चष्मा काढून पुसायला घेतला. मी मित्राकडे पाहिले. त्याने माझ्या गळ्यात नसलेली कातडी पिशवी अडकवली. म्हणजे मी कंडक्टर. स्वतः तो दोन पावले मागे गेला, धापा टाकत धावत आला आणि हात वर करून ओरडला, "बस्सु बंदळु री, बस्सु बंदळु!"

तो मी होतो. माझा खांदा वाकडा करण्याची लकब, माझी डब्याची पिशवी, माझे कन्नड. उजवीकडून स्फोट झाला. डावीकडे दोन क्षण काहीच नाही. माझे कान तापले. माझ्या कंडक्टरच्या जागी तो दिवसभराचा दमलेला माणूस असता तर त्याला जे वाटले असते ते मला तेव्हा, चारशे लोकांसमोर, वाटले. पण नियम होता: नाकारायचे नाही. बस बाई आहे? तर आहे. मी म्हटले, "बंदळु, निम्मन्न बिट्टु होदळु." आली होती, तुम्हाला सोडून निघून गेली. मग डावी बाजूही हसली, आणि उजवीने टाळ्या दिल्या.

पुढची बारा मिनिटे बस रुसलेली होती. मित्राने भागवताचा सूर लावला, मी दूती झालो, आणि डेपोत रुसून बसलेल्या सत्यभामेला विचारू लागलो, बाई तुझे काय बिनसले? एकदा मराठीत, एकदा कन्नडमध्ये, कारण कोणत्या भाषेत रुसली आहे हेच कळत नव्हते. शेवटी ती का रुसली ते निघाले. माझ्या कपाळावर एकाच लिपीत कुंकू लावता, आणि सीमा ओलांडली की तेच पुसून दुसरे लावता. मला विचारले काय कोणी? हे वाक्य कोणाला सुचले, मला की त्याला, ते आम्हाला आजही सांगता येत नाही. सभागृह आडवे झाले. चष्मा पुसणारे सरसुद्धा हसले. त्यांनी आता नाकबूल करू नये.

आठवड्याभरात दोन निनावी पत्रे आली असे आम्हाला बोलावून सांगण्यात आले. एकात मराठीचा अपमान झाल्याची तक्रार होती, दुसऱ्यात कन्नडचा. ताळेबंद तंतोतंत जुळला म्हणून मित्र हसला आणि त्याबद्दल वेगळी बोलणी खाल्ली. मग ती सूचना लागली.

माझा आक्षेप असा. जानेवारीतला माझा कंडक्टर शब्दन् शब्द लिहिलेला होता. माझ्या वहीत तो आहे. दोन प्रतींत दिला असता तर कार्यालयाने डोळे झाकून शिक्का मारला असता, कारण कागदावर "बस आलं, बस गेलं" यात आक्षेपार्ह काय आहे? फार तर शुद्धलेखन तपासले गेले असते. सगळे विष आवाजात होते, आणि आवाजाची प्रत निघत नाही. उलट डेपोतली सत्यभामा कोणीही आगाऊ मंजूर केली नसती. म्हणजे ज्या चाळणीतून आपण गाळू पाहतो तिच्यातून खडे खाली जातात आणि तांदूळ वर राहतो. 1876 मध्ये इंग्रज सरकारने नाटकांवर कायदा केला तेव्हापासून कागद पाहून नाटक ओळखण्याचा हा हट्ट चालत आला आहे. आपण तरी तो का चालवावा?

"एखादा शब्द निसटला आणि बाहेर बस पेटली तर जबाबदार कोण?" असे एका प्राध्यापकांनी मला विचारले. प्रश्न खरा आहे, आणि मी ती थट्टेवारी नेणार नाही. पण सर, शब्द निसटण्याचा धोका मी एकटा उभा असतो तेव्हा जास्त असतो. तेव्हा ज्याच्यावर मी बोलतो तो सभागृहात नसतो, असला तर मागच्या खुर्चीवर दोन महिने गप्प बसतो. आयत्या वेळच्या नाटकात तो माझ्या शेजारी उभा असतो आणि पुढचे वाक्य त्याचे असते. मी वाकडे बोललो तर त्याच क्षणी, त्याच लोकांसमोर, तो मला माझे कन्नड ऐकवू शकतो. ऐकवलेही. आठ दिवस आधी संहिता तपासणाऱ्या कोणालाही ते जमले नसते.

बंधन हवेच असेल तर वक्तृत्व स्पर्धेतली घंटा आणावी. पहिल्या रांगेत दोन प्राध्यापक बसवावेत, एक मराठी विभागाचे, एक कन्नडचे. दोघांतील कोणालाही वाटले की घंटा वाजवावी, आम्ही त्या क्षणी थांबू आणि नमस्कार करून खाली उतरू. आणि मराठी मुलांचा विनोद शनिवारी, कन्नड मुलांचा रविवारी अशी जी वाटणी काही जण सुचवत आहेत ती करू नये. तशाने शनिवारी माझा जानेवारीतला कंडक्टर परत येईल आणि रविवारी 'बंदळु'वाला मराठी पोरगा उभा राहील. दोन्हीकडे टेबले बडवली जातील आणि तक्रारीचे एकही पत्र येणार नाही.

सूचना पाळण्याचा प्रयत्न आम्ही केला नाही असे मात्र कोणी म्हणू नये. पुढच्या कार्यक्रमाची संहिता आम्ही दोन प्रतींत दिली. प्रवेश पहिला: प्रेक्षक जागा सांगतील. प्रवेश दुसरा: त्या जागी जे होईल ते. प्रवेश तिसरा: वरीलप्रमाणे. कागद परत आला, त्यावर लाल शाईने लिहिले होते, "तपशील द्यावा." शेरा मराठीत होता, कन्नड प्रतीवर नुसतेच प्रश्नचिन्ह.

म्हणून आता प्राचार्यांना अर्ज करतो आहोत. घंटेची विनंती त्यात आहे. मराठी अर्ज त्याने लिहिला आहे, कन्नड मी. त्याच्या अर्जात 'सूचना लागलं' आहे आणि माझ्यातही दोन-तीन जागी निर्जीव वस्तू बायका झालेल्या आहेत. आम्ही एकमेकांचे अर्ज तपासले, चुका सापडल्या, आणि तशाच ठेवल्या.